विश्लेषण : ‘कौन्सेलरकडे जा’ म्हटले की काम संपते का?

कॉलेजच्या कार्यालयातल्या खिडकीवर एक मुलगा येतो आणि टीसी मागतो. सत्र निम्मे झालेले, फी भरलेली. कारण विचारले तर ‘घरी अडचण आहे’ एवढेच उत्तर. लिपिक अर्ज लिहून आणायला सांगतो आणि रांग पुढे सरकते. हा मुलगा तीन आठवडे प्रॅक्टिकलला आलेला नाही, हे त्याच्या प्राध्यापकांना माहीत असते. तो दुपारभर एकच पुस्तक उघडे ठेवून बसून असतो, हे ग्रंथालयातल्या शिपायाने पाहिलेले असते. मेसच्या मावशींना त्याचे ताट आठ दिवस लागलेले नाही, हे ठाऊक असते. याच आवारात, बहुधा दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटीही असते. पण या चौघांना जे दिसले, ते त्या पाटीपर्यंत पोहोचतच नाही.

ते पोहोचवायचे कसे, हा या लेखाचा विषय. तो प्राध्यापकांइतकाच लिपिक, रेक्टर, प्रयोगशाळा सहायक आणि सुरक्षारक्षकांसाठीही आहे.

न्यायालय काय म्हणाले?

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. संसद किंवा विधिमंडळे कायदा करेपर्यंत त्या शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, कोचिंग क्लास आणि वसतिगृहे अशा सर्वांना बंधनकारक आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी औपचारिक जोडणी करून घ्यायची आहे.

बातम्यांमध्ये गाजला तो समुपदेशक नेमण्याचा आदेश. आमच्या मते त्याहून महत्त्वाची सूचना वेगळी आहे. सर्व शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. त्यात मानसिक प्रथमोपचार, धोक्याच्या खुणा ओळखणे, स्वतःला इजा करून घेणाऱ्या विद्यार्थ्याशी कसे वागावे आणि त्याला पुढे कुठे, कसे पाठवावे, एवढ्या गोष्टी येतात. ‘शिक्षकेतर’ हा शब्द तिथे स्पष्टपणे आहे. टीसीच्या खिडकीवरचा लिपिक त्यात येतो.

या सगळ्यामागचे आकडे महाराष्ट्राने विसरू नयेत असे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले होते आणि राज्यांच्या यादीत हा आकडा सर्वात मोठा होता. देशभरातल्या २,२४८ मृत्यूंचे कारण परीक्षेतील अपयश असे नोंदवले गेले. म्हणजे बाकी बहुतेकांच्या बाबतीत निकालाच्या दिवशी लक्ष ठेवून भागले नसते.

नेमके काय दिसले की सावध व्हायचे?

शिक्षकाने निदान करायचे नाही. ‘याला डिप्रेशन आहे’ असे स्टाफरूममध्ये जाहीर करणे हा आगाऊपणा झाला आणि त्या विद्यार्थ्यावर अन्यायही. पाहायचा तो बदल. पहिल्यापासून अबोल असलेली मुलगी अबोल राहिली तर त्यात नवे काही नाही. गॅदरिंगमध्ये पुढे असणारी मुलगी महिनाभर कोणाशी बोलत नसेल, तर विचारायला हवे. झोप, भूक, आंघोळ, कपडे, हजेरी, वहीतले अक्षर यांपैकी काही बिघडले आणि दोन आठवडे तसेच राहिले, तर वाट पाहू नये.

काही खुणा वर्गात दिसतच नाहीत. परीक्षा फॉर्मची मुदत संपत आली तरी फॉर्म न भरणे, वायडी लागल्याचे घरी न सांगणे, वसतिगृहाची अनामत परत मागणे, मित्रांकडून किंवा मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपवरून उसने घेत राहणे. हे आधी दिसते ते परीक्षा विभागाला, रेक्टरला, झेरॉक्सवाल्याला. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकलेला विद्यार्थी खिडकीवर चौथ्यांदा येतो, तेव्हा तो फक्त पैशाबद्दल विचारत नसतो.

काही खुणा मात्र त्याच दिवशी हालचाल करायला लावणाऱ्या आहेत. ‘माझा सगळ्यांना भारच आहे’, ‘आता थोडेच दिवस’ असे बोलणे किंवा स्टेटसला टाकणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे, फार दिवसांच्या अस्वस्थतेनंतर अचानक अगदी शांत होणे. त्यांच्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

विषय काढायचा कसा?

इथे बहुतेक चांगली माणसे अडतात. त्यांना दिसलेले असते, वाईटही वाटत असते, पण शब्द सापडत नाहीत. मग एकतर उपदेश सुरू होतो, ‘आमच्या वेळी आम्ही कंदिलाखाली अभ्यास केला’ वगैरे, किंवा घाईघाईने ‘तू कौन्सेलरला भेट’ असे सांगून सुटका करून घेतली जाते. विद्यार्थी या दोन्हींतून एकच गोष्ट ऐकतो : आपले काहीतरी बिघडले आहे आणि सरांना ते नको आहे.

सुरुवात स्वतः पाहिलेल्या गोष्टीने करावी. ‘तू हल्ली डिप्रेस दिसतोस’ हा निष्कर्ष झाला. ‘अरे, तू मागच्या तीन प्रॅक्टिकलला आला नाहीस आणि आज आलास तर हात थरथरत होता. काय झालंय?’ हे निरीक्षण झाले. निरीक्षण नाकारणे अवघड असते आणि त्यात आरोपही नसतो. जागा बसायची असावी. व्हरांड्यात, इतरांसमोर, हजेरी घेता घेता हे होत नाही. रिकामी लॅब, ग्रंथालयाचा कोपरा, कॅन्टीनची शांत वेळ यांपैकी काहीही चालेल. विद्यार्थिनीशी बोलताना दार उघडे असावे आणि तिला हवी असल्यास मैत्रीण जवळ असावी.

मग गप्प बसावे. हे शिक्षकांना सर्वात कठीण जाते, कारण पेशाच बोलण्याचा आहे. पहिले उत्तर ‘काही नाही सर’ हेच येणार. त्यावर ‘बरं, पण मी इथंच बसतोय थोडा वेळ’ एवढे पुरते.

समुपदेशकाचे नाव काढायचे ते त्यानंतर, आणि ते शिक्षेसारखे वाटता कामा नये. ‘तुला उपचारांची गरज आहे’ हे वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘तू वेडा आहेस’ असे ऐकू येते, विशेषतः तो अशा गावातून आला असेल जिथे मानसोपचार म्हणजे येरवड्याचे किंवा ठाण्याचे मनोरुग्णालय एवढेच ठाऊक आहे. त्याऐवजी असे म्हणता येईल : ‘हे ऐकून मला वाटतंय की माझ्यापेक्षा त्या मॅडम तुला जास्त मदत करू शकतील. त्यांचं कामच ते आहे. तू सांगितलेलं त्या आपल्या ऑफिसला सांगत नाहीत. एकदा भेट, नाही पटलं तर दुसऱ्यांदा जाऊ नकोस.’ शेवटचे वाक्य खरे असले तरच म्हणावे. पण ते खरे असायलाच हवे, कारण १८ वर्षांवरील विद्यार्थ्यावर समुपदेशनाची सक्ती करून काही साधत नाही. ‘आधी कौन्सेलरची चिठ्ठी आण, मगच परीक्षेला बसू देतो’ असे बजावणाऱ्या विभागांनी समुपदेशन कक्षाला शिस्तपालन समितीची शाखा करून टाकले आहे.

पाठवणे आणि पोहोचवणे

समुपदेशकाचा नंबर मोबाइलवर पाठवून दिला की आपले कर्तव्य झाले, असे अनेकांना वाटते. पण ज्या मुलाला सकाळी उठून तोंड धुणे जड झाले आहे, तो अनोळखी नंबर फिरवून ‘मला माझ्याबद्दल बोलायचे आहे’ असे कसे म्हणेल? म्हणून त्याच्या देखत फोन लावावा. त्याची परवानगी घेऊन, आपण स्वतः. ‘मॅडम, माझा एक विद्यार्थी आहे, त्याला आज किंवा उद्या भेटायचंय, कधी पाठवू?’ वेळ ठरली की तिथपर्यंत सोबत चालत जावे, दारापर्यंत. आत जाऊ नये. हे पाच मिनिटांचे चालणे पुस्तिकांतल्या सगळ्या सूचनांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

त्याआधी एक काम स्वतःचे आहे. आपल्या कॉलेजचा समुपदेशक कोण, तो कुठल्या वारी, किती वाजता बसतो आणि त्या वेळी कोणत्या वर्गांची प्रॅक्टिकल असतात, हे आजच माहीत करून घ्यावे. अनेक ठिकाणी समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस, तेही भर तासांच्या वेळात येतात. कक्ष प्राचार्यांच्या केबिनला लागून असतो, म्हणजे आत जाणारा प्रत्येक जण बाकावर बसलेल्यांच्या नजरेतून जातो. काही कॉलेजांत मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनाच हे काम जोडून दिलेले असते. जो आपला पेपर तपासणार, त्याच्यासमोर मन मोकळे करा, असे त्या विभागाच्या विद्यार्थ्याला सांगणे म्हणजे विनोदच. अशा वेळी बाहेरचा पर्याय हाताशी हवा. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे आणि केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही चोवीस तासांची मोफत सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीतून बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. वसतिगृहे, वर्ग आणि संकेतस्थळावर तिचा क्रमांक मोठ्या, ठळक अक्षरांत लावा, असेही न्यायालयाने बजावले आहे. आपल्या वसतिगृहाच्या भिंतीवर तो आहे का, हे पाहायला आदेशाची प्रत लागत नाही.

विद्यार्थी ‘नको’ म्हणाला तर? तातडीचा धोका नसेल तर ते मान्य करावे. ‘ठीक आहे. मी पुढच्या सोमवारी परत विचारीन, चालेल?’ असे म्हणून खरोखर सोमवारी विचारावे. पुष्कळ विद्यार्थी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी जातात.

कोणाला सांगायचे, कोणाला नाही?

सर्वाधिक चुका इथे होतात आणि बहुतेक चुका चांगल्या हेतूने होतात. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमक्याकडे जरा लक्ष द्या, त्याचं कौन्सेलिंग चालू आहे’ असा संदेश पडतो. संध्याकाळपर्यंत तो वर्गाच्या ग्रुपवर असतो. एवढे झाले की त्या वर्गातला दुसरा कोणीही विद्यार्थी त्या कक्षाकडे फिरकत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. जिवाला धोका असणे यासारखे मोजकेच अपवाद त्यात आहेत. शिक्षक या कलमात थेट येत नसला तरी पाठवणाऱ्यानेही तोच दंडक पाळायला हवा. समुपदेशकाला फोन करून ‘काय म्हणाला तो?’ विचारू नये. विद्यार्थ्याची हरकत नसेल तर ‘आला होता’ एवढे कळले तरी पुरे.

आई-वडिलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थी सुरक्षेबाबत दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ‘शिक्षक-समुपदेशक’ ही कल्पना मांडली आणि त्याने हजेरी, निकाल वगैरे पालकांना वेळोवेळी कळवावे, वसतिगृहाच्या वॉर्डनशी माहितीची देवाणघेवाण करावी, असे सुचवले. हेतू चांगला. पण एकच माणूस विद्यार्थ्याचा विश्वासू आणि पालकांचा वार्ताहर अशा दोन्ही भूमिका कशा निभावणार? घरच्यांना न सांगता प्रेमसंबंधात असलेली, किंवा आपण समलैंगिक असल्याचे कुणालाच न सांगितलेली मुले घरी फोन जाईल या एकाच भीतीने गप्प राहतात. १८ वर्षांवरील विद्यार्थ्याच्या घरी त्याला विचारल्याशिवाय कळवू नये. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र कळवावे, आणि कळवणार आहोत हे त्याला आधी सांगून.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग बहुधा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरतात. कक्ष तोच, पण १६-१७ वर्षांच्या मुलांना लागू होणारे नियम वेगळे. तिथे पालकांना सहभागी करून घ्यावे लागते. आणि अल्पवयीन मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे कोणाच्याही मर्जीवर राहत नाही. न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणून ‘तू काहीही सांग, मी कुणाला सांगणार नाही’ हे वचन सुरुवातीलाच देऊन टाकू नये. ‘शक्य तेवढं माझ्याजवळच राहील. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र मला मदत बोलवावी लागेल,’ हे प्रामाणिक वाक्य आहे, आणि मुले ते समजून घेतात.

धोका आजच, आत्ताच असेल तर?

सरळ विचारावे : ‘जीव द्यावा असं मनात येतंय का?’ या प्रश्नाने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. अनेकदा उत्तर देणाऱ्याला कोणीतरी विचारल्याचे हायसे वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर भेटीची वेळ घेत बसू नये. त्याला एकटे सोडू नये, खोलीवरही एकटे पाठवू नये. ज्याच्यावर त्याचा भरवसा आहे अशा एकाला जवळ बसवावे आणि दुसऱ्याने समुपदेशक, रेक्टर व प्राचार्यांना फोन करावा. समुपदेशक मिळत नसतील तर जवळच्या रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, आपत्कालीन मदतीसाठी ११२, आणि काय करावे हे सुचत नसेल तर १४४१६ वर शिक्षकानेही बोलावे.

वसतिगृहांमध्ये अशा वेळी ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने प्रकरण दाबले जाते, मुलाला रातोरात गावी पाठवले जाते. ही धास्ती सोडून द्यायला हवी. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असेच गृहीत धरायचे; तसे नव्हते हे सिद्ध झाल्याखेरीज तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ ठेवलेले नाही. उशिरा रुग्णालयात नेल्याने होणारे नुकसान मात्र कोणताही कायदा भरून देत नाही.

सगळेच दुखणे समुपदेशनाचे असते का?

नसते, आणि हे ठणकावून सांगायला हवे. एखाद्या मुलीला गाइड रात्री अकरा वाजता फोन करत असेल, तर तिला ताण कसा हाताळावा हे शिकवायला समुपदेशकाकडे पाठवणे म्हणजे तक्रार दाबण्याचा सभ्य मार्ग. ते प्रकरण अंतर्गत तक्रार समितीचे आहे. रॅगिंग झाले तर रॅगिंगविरोधी समितीकडे जावे. जातीवरून टोमणे मारले जात असतील, तर बिघडलेले मन ज्याला टोमणे बसतात त्याचे नाही. मुंबईत २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर, आणि त्याआधी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला यांच्या मृत्यूनंतर, हाच मुद्दा पुढे आला. दोघांच्या आईंनी सर्वोच्च न्यायालयात एकत्र याचिका केली ती उच्च शिक्षण संस्थांमधला जातिभेद रोखण्यासाठी. जुलै २०२५ च्या सूचनांतही छळ, रॅगिंग आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी गोपनीय यंत्रणा वेगळी मागितली आहे.

विद्यार्थ्याला आधार आणि न्याय अशा दोन्हींची गरज असू शकते. तेव्हा दोन्ही दारे दाखवावीत, एकाच्या बदल्यात दुसरे नाही. शिष्यवृत्ती अडकल्यामुळे ज्याची झोप उडाली आहे, त्याच्यासाठी महाडीबीटीवरचा त्याचा अर्ज कोणाच्या लॉगिनला पडून आहे हे शोधून देणारा लिपिकही मोठा आधार असतो.

कागदावरच्या संदर्भांचे काय?

संस्थांनी निनावी नोंदी ठेवून वार्षिक अहवाल द्यावा आणि त्यात किती विद्यार्थ्यांना पुढे पाठवले, किती प्रशिक्षणे झाली हे नमूद करावे, असे न्यायालयाने सांगितले आहे. आम्हाला इथे थोडी काळजी वाटते. ‘नॅक’साठी मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर द्यावे लागते, तेव्हा कितीतरी कॉलेजांत मेंटॉरच्या वह्या समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात एकाच निळ्या पेनाने भरल्या जातात, हे शिक्षणक्षेत्रातल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. तसेच इथेही घडू शकते. ‘यंदा ४० विद्यार्थ्यांचे संदर्भ’ हे उद्दिष्ट होईल, आणि गैरहजर मुलांची यादी समुपदेशकाकडे ढकलून ते पूर्णही होईल.

समुपदेशकाला दिलेली चिठ्ठी म्हणूनच लहान असावी. विद्यार्थ्याचे नाव, काय दिसले, केव्हापासून, त्याची संमती आहे का, आणि घाई किती. कारणांचे तर्क, घरची माहिती, चारित्र्याचे शेरे त्यात नकोत. ती बंद पाकिटात किंवा थेट फोनवर द्यावी. तिची प्रत विद्यार्थ्याच्या कार्यालयीन फाइलला लावू नये, कारण उद्या तीच फाइल बोनाफाईडसाठी कोणीतरी उघडणार असते.

पहिल्या भेटीनंतरच्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा खिडकीवर येईल, बहुधा टीसीचा अर्ज न आणताच. तेव्हा ‘काय रे, मॅडम काय म्हणाल्या?’ असे रांगेसमोर विचारू नये. ‘परीक्षेचा फॉर्म भरलास का? शुक्रवारपर्यंत मुदत आहे. इकडं ये, मी भरून देतो,’ एवढे म्हणावे.